पेटीला गायला लावणारे गोविंदराव

पेटी हे वाद्य मूळचे परदेशी. फ्रान्समध्ये 1842 साली पेटंट झाले, मिशनऱ्यांबरोबर आपल्याकडे आले आणि बघता बघता नाटकाच्या पिटापासून काष्टीसारख्या बाजारगावातल्या भजनापर्यंत पोहोचले. तरी जाणत्यांचा तिच्यावरचा राग काही गेला नाही. रागाला कारणही होते. पट्टी दाबली की ठरलेला एकच सूर वाजणार. सा वरून ग वर घसरत जाणारी मींड, जी सारंगी सहज काढते, ती तिच्यात नाहीच.

अशा वाद्यावर गोविंदराव टेंबे यांनी आपले नाव कोरले. 1881 साली जन्मलेले गोविंदराव कोल्हापूरचे. भास्करबुवा बखल्यांना त्यांनी गुरुस्थानी मानले आणि बुवांची गायकी पेटीवर उतरवण्याचा ध्यास घेतला. आता जी मींड वाद्यात नाही ती आणायची कुठून? पेटीवाल्यांनी याला हाताचे उत्तर शोधले. मुख्य सुरावर येण्याआधी मधल्या पट्ट्यांना ओझरता स्पर्श करून कण द्यायचा. पहिली पट्टी सोडण्यापूर्वीच पुढची दाबायची, म्हणजे दोन सूर एकमेकांत मिसळतात. आणि खरे काम डाव्या हाताचे! भाता एकसारखा हाणायचा नाही. गवय्याच्या श्वासासारखा कधी भरायचा, कधी आवरायचा. मींड प्रत्यक्षात नसते, कानाला मात्र ती झाल्यासारखी वाटते. ही फसवणूकच, पण किती गोड!

याच सुमारास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स साहेब श्रुतींची वेगळी पेटी बनवण्याच्या खटपटीत होते. त्यांनी वाद्य बदलू पाहिले. ती पेटी घरोघर काही गेली नाही. साध्या पेटीवर हात बदलणाऱ्यांची वाट मात्र रुळली.

नाटकाने गोविंदरावांना घराघरांत नेले. 1911 सालच्या खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या, त्यांत पूरबेकडच्या ठुमरी-कजरीचा रंग मराठी रंगभूमीवर आणला. 1913 साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे वेगळे होऊन स्वतःची शिवराज मंडळी. 1932 सालच्या प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये ते हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांचेच. दुर्गाबाई खोटे तारामती होत्या. एवढे सगळे करणारा माणूस लेखणीही चालवी. ‘माझा संगीत व्यासंग’ आजही वाचावा असा आहे.

आणि मग 1940 साली आकाशवाणीने पेटीला दारच बंद केले. भारतीय संगीताला ती मारक, असे साहेबालाही वाटले आणि आपल्यातल्या बड्या बड्या मंडळींनाही. तोवर पेटीत उभे आयुष्य घातलेल्या वादकांना हा घाव केवढा वाटला असेल! आमच्या मते आक्षेप वाद्यावर खरा होता, वादकांवर खोटा. गोविंदराव 1955 साली गेले. बंदी सैल झाली ती 1971 साली.