जे. सी. कुमारप्पा

जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा (४ जानेवारी १८९२ – ३० जानेवारी १९६०) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ व गांधीवादी विचारवंत होते. वर्ध्याच्या मगनवाडीतून त्यांनी ग्रामोद्योगाच्या चळवळीचे नेतृत्व केले. जळणासाठी लाकूड वापरावे की कोळसा, या घरगुती वाटणाऱ्या प्रश्नाचा त्यांनी अर्थशास्त्राच्या अंगाने विचार केला.

जीवन

कुमारप्पांचा जन्म तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनमध्ये सनदी लेखापालाचे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी अमेरिकेतील सिरॅक्यूज व कोलंबिया विद्यापीठांत अध्ययन केले. १९२९ साली त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. पुढे त्यांनी गुजरात विद्यापीठात अध्यापन केले आणि खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांनी 'यंग इंडिया'चे संपादन केले व कारावास भोगला.

मगनवाडीतील कार्य

१९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे मंत्री झाले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेला मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव देण्यात आले. येथे तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांवर प्रयोग झाले. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' आणि धूर घराबाहेर नेणारी, सरपण वाचवणारी 'मगन चूल' ही येथील परिचित साधने होत.

इंधनविषयक विचार

जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' (१९४५) या ग्रंथात त्यांनी साधनसंपत्तीचे दोन प्रकार मानले. कोळसा व खनिज तेल हा निसर्गाचा साठा असून तो वापरला तेवढा घटतो. जंगलातील लाकूड हा प्रवाह असून वार्षिक वाढीइतकीच तोड केल्यास तो टिकतो. वाढीपेक्षा अधिक तोड झाल्यास लाकूडही साठ्याप्रमाणेच संपते. त्यामुळे सरपण वाचवणारी चूल त्यांच्या विचाराशी सुसंगत ठरते. तेलासारख्या मर्यादित साठ्यांवरील अवलंबन राष्ट्रांना संघर्षाकडे नेते, असे त्यांचे मत होते.

उत्तरायुष्य

स्वातंत्र्यानंतर ते काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्ष होते. अखेरच्या काळात ते मदुराई जिल्ह्यातील कल्लुपट्टी येथे राहिले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्या दिवशी, त्यांचे निधन झाले. जयपूरच्या कुमारप्पा ग्रामस्वराज्य संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.