हिरड्यांचा शत्रू पाहिलेला कापडवाला

कोल्हापूरकरांच्या घरी रविवारी मटणाचा बेत असला, की पंगतीत एखादे आजोबा नुसता पांढरा रस्सा पिऊन उठतात. वय झाले, दात गेले, असे म्हणून आपणही तो विषय सोडून देतो. माझ्या आजोबांच्या बाबतीत आम्ही हेच केले. पण दात नुसत्या वयाने जात नाहीत. हिरड्यांचा रोग, ज्याला आपण पायोरिया म्हणतो, हे त्याचे एक मोठे कारण आहे. हा रोग होतो तरी कशाने, हे शोधू लागलो तेव्हा माझी गाठ पडली ती एका डच कापडवाल्याशी.

अंतोनी व्हान लेव्हेनहुक १६३२ साली हॉलंडमधील डेल्फ्ट गावी जन्मला. बाप टोपल्या विणणारा, तोही लहानपणीच वारला. सोळाव्या वर्षी पोरगा अ‍ॅमस्टरडॅमला कापडाच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि पुढे त्याने डेल्फ्टमध्ये स्वतःचे दुकान थाटले. कापडाचा पोत पारखायला त्या काळी भिंग वापरीत. या गड्याला भिंगाचेच वेड लागले. मसुराएवढी भिंगे तो स्वतः घडवी, आणि त्यातली काही वस्तू अडीचशे पटींहून मोठी दाखवीत. लॅटिन न येणारा हा दुकानदार आपल्या बोलीभाषेत लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे धाडी. १६८० साली त्या विद्वानांनी त्याला आपल्यात सामावून घेतले.

१६८३ सालच्या सप्टेंबरातील त्याचे एक पत्र आपल्या कामाचे आहे. त्या वेळी आपल्याकडे छत्रपती संभाजी महाराजांची कारकीर्द चालू होती. लेव्हेनहुक तेव्हा पन्नाशीचा. आपले वाडवडील करीत तसे तोही रोज मिठाने दात घासी, फडक्याने पुसी. तरीही दातांच्या फटीत त्याला कणकेसारखा पांढरा थर दिसला. तो पावसाच्या पाण्यात कालवून त्याने भिंगाखाली धरला, तर त्यात असंख्य जीव वळवळत होते! जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात तर त्यांची झुंबड होती. मग त्याने व्हिनेगरने चूळ भरून पाहिली. वरवरचे जीव मेले, थराच्या आतले मात्र जिवंत राहिले.

माझ्या मते त्याची खरी शिकवण इथेच आहे. हा थर नुसत्या चुळीने जात नाही, तो घासूनच काढावा लागतो. काढला नाही तर त्यातले जंतू हिरडीच्या काठाशी ठाण मांडतात. शरीर त्यांच्याशी झुंजू लागते, हिरडी लाल होऊन सुजते आणि ब्रश लागताच रक्त येते. लाळेतल्या क्षारांनी थर कडक झाला, की त्याचे कीटण बनते. पुढे हिरडी दातापासून सुटते, आतले हाड झिजते आणि दात हलू लागतो. हे सारे बहुधा न दुखता घडते, म्हणूनच ते घातक!

या जंतूंमुळे रोग होतो, हे मात्र लेव्हेनहुकला ठाऊक नव्हते. तो नव्वद वर्षे जगून १७२३ साली वारला. त्यानंतर कितीतरी काळाने, १९६५ साली, डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत साऱ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागताच आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या.

आपल्या घराघरांत मात्र उलटेच चालते. हिरडीतून रक्त आले, की उष्णता झाली म्हणून तिथे ब्रश लावायचे टाळतात. बायाबापड्या मिश्री लावतात. त्या तमाखूने हिरडी आणखी बिघडते आणि कर्करोगाचे भय वेगळेच. कीटण काढले की दात हलतात, हाही एक गैरसमज. हाड आधीच झिजलेले असते, कीटण निघाल्यावर ते फक्त उघडे पडते.

सुजलेली हिरडी पुन्हा बरी होते, पण झिजलेले हाड सहसा भरून येत नाही. तेव्हा रक्त दिसताच दातांच्या डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असेल त्यांनी तर अजिबात दिरंगाई करू नये. आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी, जिथे दात आणि हिरडी भेटतात त्या रेघेवरून ब्रश हळुवार फिरवावा. तो थर तिथेच साचतो.