शेजारी इन्स्ट्रक्टर नाही, शिकवायला कुणी नाही... पन्नाशीतले सिकोर्स्की हेलिकॉप्टर उडवायला शिकले कसे?

आज कुणाला कमर्शियल हेलिकॉप्टर पायलट व्हायचं असेल तर रस्ता ठरलेला आहे. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, मेडिकल, डीजीसीएचे पेपर आणि मग फ्लाइंग स्कूल. तिथे शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर बसतो. त्याच्या हाताशी तेच दांडे, पायाशी तेच पेडल. शिकणाऱ्याचा हात चुकला की तो लगेच मशीन ताब्यात घेतो.

पण अगदी सुरुवातीला जो माणूस शिकला, त्याच्या शेजारी कोण होतं?

कुणीच नाही. शेजारी सीटच नव्हती.

तारीख १४ सप्टेंबर १९३९. ठिकाण, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं स्ट्रॅटफर्ड. पाइप जोडून केलेला एक सांगाडा, पुढे एक उघडी सीट, ७५ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि वर तीन पात्यांचा पंखा. यंत्र फार वर जाऊ नये म्हणून दोरांनी बांधलेलं. सीटवर बसलेल्या माणसाचं वय ५०, डोक्यावर हॅट. यंत्र जमिनीवरून जेमतेम उचललं गेलं आणि काही सेकंदांत परत खाली टेकलं.

त्या माणसाचं नाव इगोर सिकोर्स्की. आणि ज्या यंत्रावर ते बसले होते, ते त्यांनीच बनवलं होतं.

पहिला डाव फसला

इगोरचा जन्म २५ मे १८८९ चा, कीव्ह शहरातला. आज हे शहर युक्रेनमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. वडील मानसशास्त्राचे प्राध्यापक, आई डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेली. लिओनार्दो दा विंचीने सरळ वर उडणाऱ्या यंत्राचं चित्र काढलं होतं, ही गोष्ट आईनेच त्याला सांगितली. बारा वर्षांचा असताना त्याने रबरबँडवर उडणारं छोटं हेलिकॉप्टर बनवलं आणि ते उडालंही.

१९०९ मध्ये तो पॅरिसला गेला आणि २५ हॉर्सपॉवरचं इंजिन घेऊन आला. घरच्यांच्या पैशावर खरंखुरं हेलिकॉप्टर बांधलं. ते उडालं नाही. १९१० मध्ये दुसरं बांधलं. त्याने स्वतःचं वजन उचललं, पण माणूस बसवला की जमीन सोडेना. इंजिन जड होतं, ताकद कमी होती आणि अनुभव तर नव्हताच.

विशीतल्या इगोरने एक शहाणपणाचा निर्णय घेतला. हेलिकॉप्टर सध्या बाजूला ठेवायचं आणि विमान करायचं.

विमान उडवायला शिकवणाराही त्याच्याजवळ कुणी नव्हता. आपणच बांधायचं, आपणच उडवायचं, पडलं की का पडलं ते शोधायचं आणि पुन्हा बांधायचं. असं करत करत १९११ मध्ये त्याला वैमानिकाचं लायसन्स मिळालं. नंबर ६४.

त्याच काळात एक डास आडवा आला. डास इंजिनच्या कार्ब्युरेटरमध्ये अडकला, पेट्रोल थांबलं, इंजिन बंद पडलं आणि विमान खाली आलं. इगोर वाचला. पण एवढ्याशा किड्याने एकुलतं एक इंजिन बंद पडत असेल, तर विमानाला जास्त इंजिनं हवीत, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. १९१३ मध्ये त्याचं चार इंजिनांचं विमान आकाशात होतं. तेव्हा वय होतं फक्त २४.

सगळं गेलं, पुन्हा शून्यापासून

१९१७ मध्ये रशियात क्रांती झाली. पुढच्या वर्षी सिकोर्स्की यांनी देश सोडला आणि १९१९ मध्ये ते न्यू यॉर्कला पोहोचले. महायुद्ध संपलेलं, विमानं कुणाला नको होती. रशियात नावाजलेला हा इंजिनिअर तिथे स्थलांतरित रशियनांना गणित शिकवून पोट भरत होता.

१९२३ मध्ये त्यांनी लाँग आयलंडवर कंपनी काढली. कारखाना कुठे? एका कोंबड्या पाळणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या फार्मवर. कामगार सगळे देश सोडून आलेले रशियन आणि सामानात भंगारातलं बरंच काही. पैसे संपत आले तेव्हा संगीतकार रखमानिनॉफ मदतीला आले. त्यांनी ५,००० डॉलरचे शेअर घेतले.

१९२६ मध्ये मात्र मोठा घाव बसला. न्यू यॉर्कहून पॅरिसला न थांबता जाण्यासाठी सिकोर्स्कींनी बांधलेलं विमान इंधनाने गच्च भरलेलं होतं. ते धावपट्टीवरून उचललंच गेलं नाही, पुढे जाऊन पेटलं. दोघांचा जीव गेला. पुढच्या वर्षी तो पल्ला चार्ल्स लिंडबर्ग यांनी दुसऱ्याच विमानाने पार केला.

यानंतरही कंपनी टिकली. पाण्यावर उतरणाऱ्या त्यांच्या विमानांनी पॅन ॲम कंपनीचे लांबचे मार्ग सुरू केले. पण १९३८ मध्ये मालक कंपनीने हा विभागच बंद करायचं ठरवलं. पन्नाशीला टेकलेल्या सिकोर्स्कींनी तेव्हा एकच गोष्ट मागितली: आपली टीम आपल्याकडे राहू द्या, हेलिकॉप्टर बनवायचं आहे.

तीस वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेली वस्तू त्यांनी परत हातात घेतली.

हेलिकॉप्टर उडवणं एवढं अवघड का?

विमानाला पुढे जाण्याचा वेग मिळाला की पंख त्याला धरून ठेवतात. हेलिकॉप्टरचं तसं नाही. वरची पाती एका बाजूला फिरली की खालचा सांगाडा उलट्या बाजूला गरकन फिरायला बघतो. त्याला रोखायला शेपटीवर छोटा उभा पंखा लागतो.

मग पायलटचं काम काय? डाव्या हातातल्या दांड्याने वर-खाली जायचं. उजव्या हातातल्या दांड्याने पुढे, मागे किंवा बाजूला झुकायचं. दोन्ही पायांनी शेपटीचा पंखा सांभाळायचा. गंमत अशी की यातलं एक हललं की बाकीच्यांनाही थोडंथोडं हलवावं लागतं. हवेत एका जागी स्थिर दिसणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये पायलटचे हातपाय सतत काम करत असतात.

जर्मनीत १९३६ मध्येच एक हेलिकॉप्टर चांगलं उडालं होतं, पण त्याला दोन मोठे पंखे होते. एक मोठा आणि शेपटीला एक छोटा, ही सिकोर्स्कींची रचना. ती उडवायला शिकवणारा त्यांना कुठे मिळणार?

म्हणून त्यांनी ठरवलं की चाचणीला पहिल्यांदा आपणच बसायचं. आपण काढलेल्या यंत्रात धोका असेल तर तो दुसऱ्याच्या माथी मारायचा नाही. शिकणं आणि दुरुस्ती एकदमच चालू होती. यंत्र थरथरायचं, एकदा वाऱ्याने उलटलं आणि मोडलं. चूक हाताची की यंत्राची, हेच आधी शोधावं लागायचं. १३ मे १९४० ला ते दोराशिवाय उडालं. वर, खाली, मागे, बाजूला, सगळीकडे जायचं. फक्त पुढे नीट जायचं नाही! शेपटीच्या रचनेत बदल करत करत तेही जमवलं. ६ मे १९४१ ला सिकोर्स्की सलग १ तास ३२ मिनिटं हवेत राहिले. तो जागतिक विक्रम ठरला.

१९४२ मध्ये त्यांच्या पुढच्या हेलिकॉप्टरने स्ट्रॅटफर्ड ते ओहायोतलं डेटन हे ७६१ मैलांचं अंतर टप्प्याटप्प्याने कापलं. पायलट होते लेस मॉरिस. आता शिकवायला माणसं तयार झाली होती. सैन्याचे वैमानिक हेलिकॉप्टर शिकू लागले.

मग हे यंत्र कामाला कुठे आलं?

एप्रिल १९४४. ब्रह्मदेशाच्या जंगलात एक अमेरिकन वैमानिक आणि तीन ब्रिटिश सैनिक अडकले होते. कार्टर हार्मन हा तरुण लेफ्टनंट आसाममधल्या लालाघाटहून सिकोर्स्कींचं हेलिकॉप्टर घेऊन निघाला. उकाड्यात इंजिन दमायचं, एका वेळी एकच माणूस उचलता यायचा. त्याने फेऱ्या मारून चौघांनाही बाहेर काढलं. युद्धात हेलिकॉप्टरने केलेली ही पहिली सुटका.

२९ नोव्हेंबर १९४५. स्ट्रॅटफर्डजवळच वादळात तेलाचा एक बार्ज खडकावर अडकला. दोन माणसं त्यावर होती आणि बोट जवळ जाऊ शकत नव्हती. सिकोर्स्कींचे भाचे जिमी व्हायनर हेलिकॉप्टर घेऊन गेले आणि दोघांनाही दोराने वर ओढून वाचवलं.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळ पी-३०५ बार्ज बुडाला, तो दिवस आठवतो? तेव्हा नौदलाच्या बचावकार्यात जी सी किंग हेलिकॉप्टरं होती, ती ब्रिटनमध्ये बनलेली, पण त्यांचा मूळ आराखडा सिकोर्स्की कंपनीचाच.

१९४७ मध्ये सिकोर्स्कींच्या हेलिकॉप्टरांनी लॉस एंजेलिसमध्ये टपाल वाहायला सुरुवात केली. हेलिकॉप्टर उडवून पगार मिळवता येतो, हे लोकांना दिसू लागलं. भारतीय हवाई दलाचं पहिलं हेलिकॉप्टर १९५४ मध्ये आलं, तेही सिकोर्स्कींचंच.

२६ ऑक्टोबर १९७२ ला सिकोर्स्की गेले. १९३९ चं ते उघडं यंत्र आजही अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये आहे.

त्यात सीट एकच आहे. आज शिकणाऱ्याच्या शेजारी इन्स्ट्रक्टर बसतो, कारण कधीतरी कुणीतरी त्या एका सीटवर एकटं बसून, आपटत, दुरुस्त करत शिकलं होतं.