कर्तव्यनिष्ठ नीरजा

५ सप्टेंबर हा दिवस आपण शाळेत शिक्षकदिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी वरच्या इयत्तांतील मुलेमुली हाती खडू घेऊन धाकट्यांना शिकवितात आणि आम्ही शिक्षक मागच्या बाकावर बसून त्यांचे कौतुक करतो. १९८६ साली याच तारखेस मुंबईच्या एका मुलीने आपल्या आचरणाने साऱ्या जगाला धडा घालून दिला. तिचे नाव नीरजा भनोत. २०१६ साली निघालेला 'नीरजा' हा हिंदी चित्रपट तुमच्यापैकी कित्येकांनी घरच्या मंडळींसह पाहिला असेल. चित्रपट संपल्यावर बंदुकांचा आवाज बराच वेळ कानांत घुमत राहतो. त्या आवाजापूर्वीचे तिचे आयुष्य मात्र सहसा कोणी सांगत नाही. ते सांगण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

नीरजाचा जन्म ७ सप्टेंबर १९६३ रोजी चंदीगड येथे झाला. वडील हरीश भनोत हे पत्रकार होते. आईचे नाव रमा. दोन भावांची ही एकुलती एक बहीण. घरात तिला सारे 'लाडो' म्हणत. पुढे कुटुंब मुंबईस आले आणि नीरजाचे शिक्षण बॉम्बे स्कॉटिश शाळेत व नंतर सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. राजेश खन्नाच्या चित्रपटांचे तिला मोठे वेड होते. मुद्रा प्रसन्न असल्यामुळे लहान वयातच तिला जाहिरातींत कामे मिळू लागली. एकूण, शहरातील कोणत्याही सुशिक्षित घरातील हसतमुख मुलीसारखी ती वाढली.

१९८५ च्या मार्च महिन्यात तिचा विवाह झाला आणि ती पतीसमवेत आखाती देशात गेली. तेथे सुखाऐवजी हुंड्यापायी होणारा जाच तिच्या वाट्यास आला. अशा वेळी लोक काय म्हणतील, या भीतीने कित्येक मुली मुकाट्याने सोसत राहतात, आणि त्यांचे आईबापही त्यांना सोसण्याचाच उपदेश करतात. नीरजा अवघ्या दोन महिन्यांत माहेरी परतली आणि पुन्हा त्या घरी गेली नाही. आईवडिलांनी तिला दार उघडले, तिचा अव्हेर केला नाही, हेही येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. विमानातील तिचे धैर्य सर्वांना ठाऊक आहे. परंतु माझ्या मते तिच्या धैर्याचा आरंभ या परतीच्या प्रवासात झाला.

त्याच सुमारास पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीने भारताच्या मार्गावर भारतीय सेवकवर्ग नेमण्याचे ठरविले होते. नीरजाने अर्ज केला, तिची निवड झाली आणि प्रशिक्षणासाठी ती अमेरिकेतील मायामी येथे गेली. परतली ती पर्सर, म्हणजे विमानातील सेवकवर्गाची प्रमुख होऊन. वयाच्या बाविसाव्या वर्षी ही जबाबदारी काही लहान नव्हती.

५ सप्टेंबर १९८६ च्या पहाटे पॅन ॲमचे ७३ क्रमांकाचे विमान मुंबईहून निघून कराचीस उतरले. तेथून फ्रँकफुर्टमार्गे ते न्यूयॉर्कला जावयाचे होते. विमानात सुमारे ३८० माणसे होती. इतक्यात सुरक्षारक्षकांच्या वेषातील चार शस्त्रधारी आत घुसले. ते अबू निदालच्या दहशतवादी संघटनेचे होते. नीरजाने तत्काळ वैमानिकांना सावध केले. ते वरच्या झडपेतून बाहेर पडले, त्यामुळे विमान उडविणारा कोणीच उरला नाही आणि अपहरणकर्त्यांचा बेत जमिनीवरच अडला. मात्र आता विमानातील सर्वांची जबाबदारी नीरजावर येऊन पडली.

अपहरणकर्त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व असलेल्या राजेश कुमार नावाच्या तरुण प्रवाशाला गोळी घालून विमानाबाहेर फेकले. पुढे त्यांनी सर्वांचे पासपोर्ट गोळा करण्याचा हुकूम सोडला. अमेरिकन प्रवाशांना वेचून काढण्याचा त्यांचा डाव नीरजाने ओळखला. तिने व तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन पासपोर्ट आसनांखाली व इतरत्र दडवून टाकले. बंदूक रोखलेली असताना हातचलाखीने केलेले हे काम किती जणांच्या प्राणांना उपयोगी पडले असेल, याची कल्पना करावी. शिवाय दिवसभर ही मंडळी प्रवाशांना पाणी देत होती, धीर देत होती. या श्रेयात तिच्या सर्व सहकाऱ्यांचा वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

असे सुमारे सतरा तास गेले. रात्री विमानातील वीज संपत आली, दिवे मंदावले आणि काळोख पसरला. बिथरलेल्या अपहरणकर्त्यांनी गोळीबार सुरू केला, हातबाँब फेकले. नीरजाने आपत्कालीन दार उघडले. दाराशी सर्वांत जवळ तीच होती. पहिली उडी तिला सहज घेता आली असती. परंतु प्रमुखाने शेवटी बाहेर पडावयाचे असते, हा आपल्या कामाचा धर्म तिने मानला. ती प्रवाशांना बाहेर काढीत राहिली आणि मुलांना आडोसा देत असताना गोळ्यांनी विद्ध झाली. त्या रात्री सुमारे २० जण मृत्युमुखी पडले, शंभराहून अधिक जखमी झाले. पण शेकडो माणसे वाचली. नीरजाच्या तेविसाव्या वाढदिवसास तेव्हा दोन दिवस उरले होते.

भारत सरकारने तिला मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले. हा सन्मान मिळविणारी ती पहिली स्त्री. पाकिस्ताननेही पदक देऊन तिचा गौरव केला. २००४ साली तिच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. आईवडिलांनी तिच्या विम्याची रक्कम स्वतःसाठी ठेवली नाही. त्या रकमेत पॅन ॲमने तितकीच भर घातली आणि तिच्या नावे न्यास उभा राहिला. कर्तव्यापलीकडे जाऊन काम करणारा विमानसेवक आणि सामाजिक अन्यायाशी झगडून इतर स्त्रियांना आधार देणारी भारतीय स्त्री, अशांसाठी त्या न्यासाने पुरस्कार ठेवले. तिच्या दोन्ही लढ्यांचे हे यथार्थ स्मारक होय.

राम माधवानी यांच्या चित्रपटात सोनम कपूर यांनी नीरजाची आणि शबाना आझमी यांनी आईची भूमिका केली. उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला. अपहरणाच्या दृश्यांमध्येच दिग्दर्शकाने तिच्या संसारातील जाचाच्या आठवणी गुंफल्या आहेत, यात मोठे औचित्य आहे. वडील २००८ साली निवर्तले होते आणि आई रमा २०१५ च्या डिसेंबरात, म्हणजे चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी अवघे काही आठवडे. आपल्या लाडोची कथा घरोघरी पोहोचल्याचे पाहणे त्या माउलीच्या नशिबी नव्हते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या सिल्वासाच्या आकाशातून विमाने जाताना तुम्ही नेहमी पाहता. पुढे तुमच्यापैकी कोणी विमानात, कोणी कारखान्यात, कोणी दवाखान्यात काम करील. नीरजासारखा प्रसंग आपणांपैकी बहुतेकांवर कधीच येणार नाही, आणि येऊही नये. परंतु अन्यायास नकार देण्याचे आणि पत्करलेले काम अखेरपर्यंत निभावण्याचे प्रसंग प्रत्येकावर येतात. आणि पालकहो, आपली मुलगी दुःखी होऊन दाराशी आली, तर ते दार उघडे ठेवण्याचा प्रसंग आपल्यावरही येऊ शकतो. येत्या शिक्षकदिनी वर्गात फुले वाहताना, वयाने आम्हां शिक्षकांहून लहान असलेल्या या गुरूचेही क्षणभर स्मरण करू या.