उन्हातली काचेची नळी

मैत्रिणींनो, पृथ्वी का तापतेय, हे सगळ्यात आधी ताडणाऱ्यांत एक बाई होती, हे कळल्यावर मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! युनिस फूट तिचं नाव. जन्म अमेरिकेत, १८१९ सालचा. ट्रॉय गावच्या मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकली. पुढे लग्न झालं, दोन मुली झाल्या. १८४८ साली सेनेका फॉल्सच्या स्त्री-हक्क परिषदेत तिनं जाहीरनाम्यावर सही केली. नवऱ्यानंही केली बरं का!

तिनं काचेच्या नळ्यांत तापमापक घातले. एकीत साधी हवा, दुसरीत कार्बन डायऑक्साइड, आणि दोन्ही उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सुमारे ५२ अंश सेल्सिअसपर्यंत तापली आणि निवायलाही खूप वेळ लागला. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल, हे तिनं ओळखलं. १८५६ साली आल्बनीच्या विज्ञान सभेत तिचा निबंध वाचला गेला, पण वाचला जोसेफ हेन्री यांनी. उष्णता हवेत नेमकी कशी अडते, हे १८५९ मध्ये जॉन टिंडाल यांनी दाखवलं आणि नाव त्यांचंच राहिलं. युनिस १८८८ साली गेली. तिचं काम पुन्हा उजेडात आलं ते थेट २०११ मध्ये.

तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू तीनशेहूनही कमी होता. २०२४ मध्ये तो ४२० च्या वर गेला. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपणच तो वाढवला. मला वाटतं, नुसते दिवे-पंखे बंद करून भागायचं नाही. शाळेच्या, दवाखान्याच्या छतावर सौर पॅनल कधी बसवणार, हे ग्रामसभेत, नगरपालिकेत आपणच विचारायला हवं. तिचा निबंध दुसऱ्यानं वाचला. आपलं म्हणणं आपणच मांडू या की!