सयाजीराव आणि आडवाटेची गाडी

बेळगाव असो, कोल्हापूर असो की नाशिकजवळचं ओझर, छोट्या विमानतळाचा विषय निघाला की प्रश्न एकच येतो: सरकारी मदत संपल्यावर विमान राहणार का? 2016 साली आलेल्या ‘उडान’ योजनेत ठरलेल्या मार्गावरची तूट सरकार भरून देतं, पण तीन वर्षंच. बडोद्यात असाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी रेल्वेच्या बाबतीत होता. तो हाताळणारा राजा मूळचा आपल्या नाशिक जिल्ह्यातला.

मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी 1863 साली गोपाळ काशीराव गायकवाड जन्मला. घर शेतकऱ्याचं. मल्हाररावांना गादीवरून दूर केल्यावर खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंनी 1875 मध्ये या मुलाला दत्तक घेतलं आणि गोपाळचे सयाजीराव झाले. इलियट नावाच्या इंग्रज गुरूजींकडे अभ्यास, दिवाण टी. माधवरावांकडून कारभाराचे धडे. 1881 च्या डिसेंबरात पूर्ण अधिकार हाती आले, तेव्हा वय अवघं अठरा.

राज्य मोठं खरं, पण सलग नव्हतं. बडोदा एकीकडे, नवसारी दुसरीकडे, वर मेहसाणा, तिकडे काठियावाडात अमरेली आणि पार द्वारकेच्या टोकाला ओखामंडळ. मध्ये ब्रिटिशांचा आणि इतर संस्थानिकांचा मुलूख. मुंबईची मोठी रेल्वे बडोद्यावरून जायची, पण आतल्या गावांना तिचा काय उपयोग? कापूस, धान्य, लाकूड स्टेशनापर्यंत आणायचं कसं, ही खरी अडचण.

सुरुवात खंडेरावांनी करून ठेवली होती. 1862 मध्ये डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, आणि ती आधी चक्क बैल ओढायचे! सयाजीरावांनी हे काम पुढे नेलं. मेहसाण्याकडे 1887 मध्ये रूळ गेले, डभोईच्या फाट्यांची जाळी वाढली, 1913 च्या सुमारास बिलिमोऱ्याहून डांगातल्या वघईपर्यंत सागाच्या जंगलात गाडी पोचली. ओख्याला 1926 मध्ये बंदर सुरू झालं. अशा मार्गांचा हिशेब नुसत्या तिकिटांवर मांडला असता तर यातले निम्मे रूळ पडलेच नसते. गावचा माल बाजारात गेला की त्याचा फायदा तिकीटखिडकीवर दिसत नाही, तो शेतकऱ्याच्या हातात आणि मग सरकारच्या वसुलीत दिसतो.

पण हा राजा पैसा उधळणारा नव्हता. गावोगावच्या वाचनालयांना अनुदान देताना त्यांच्या सरकारचा नियम होता: गावाने आधी आपली रक्कम जमवायची, मग तितकीच प्रांत पंचायत देणार आणि तितकीच सरकार. गावाने हात पुढे केला नाही तर काही नाही. शिक्षणाच्या बाबतीत मात्र ही अट नव्हती. अमरेलीत 1893 ला प्रयोग करून 1906 पासून राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. कुठे गावाचा वाटा मागायचा आणि कुठे नाही, हे त्यांना कळत होतं. टीकाही झाली. महाराज वर्षातले कितीतरी महिने युरोपात असतात, ही तक्रार खोटी नव्हती.

विमानाशी त्यांचं नाव जोडणारी एक गोष्ट आपल्याकडे फार फिरते: 1895 मध्ये चौपाटीवर तळपद्यांचं विमान त्यांच्या साक्षीने उडालं, अशी. तिला भक्कम पुरावा नाही. रुळांचा पुरावा मात्र जमिनीवर आहे.

6 फेब्रुवारी 1939 ला मुंबईत त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी कोल्हापूरला उजळाईवाडीचं विमानतळ राजाराम महाराजांनी उभं केलं. त्यांच्या राणी ताराबाई म्हणजे सयाजीरावांची नात.

डभोईवरून आता मोठ्या रुळांची गाडी केवडियाला जाते. त्याच केवडियाला 2020 च्या ऑक्टोबरात साबरमतीहून ‘उडान’मधून समुद्री विमान सुरू झालं होतं, ते काही महिन्यांतच बंद पडलं. वघईची छोटी गाडीही 2020 मध्ये थांबवली होती. लोकांनी मागणी लावून धरली आणि 2021 मध्ये ती पुन्हा सुरू झाली.