अंगणातील शाळा : कै. ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द ज्याच्या कानावरून गेला नाही, असा मनुष्य आज वऱ्हाडात शोधूनही मिळणार नाही. अमरावती-अकोल्याकडील कोणत्याही खेड्यात जावे, तो चार-दोन चिमुकली मुले हातात वाटी घेऊन त्या दिशेने चाललेली दिसावीत. परंतु ज्या बाईंच्या खटपटीतून हा शब्द व ही वस्तू जन्मास आली, त्या एके काळी अमरावती शहरातच संसार करीत होत्या, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल. म्हणून त्यांचे अल्पसे चरित्र वाचकांस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे. यात पालकांच्याही उपयोगाचे काही आहे असे आम्हांस वाटते, व ज्या विद्यार्थिनी घरी धाकट्या भावंडास कडेवर घेऊन अभ्यास करितात, त्यांच्या तर विशेषच उपयोगाचे आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाच्या सुधारक मंडळींपैकी होते. मुलीस शिकवावे की नाही, हा प्रश्नच ज्या घरात उद्भवत नाही अशा घरी त्या वाढल्या. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळून येईल. पुढील वर्षी अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्या वऱ्हाडात आल्या.

अमरावतीचा तो काळ चरित्रकार दोन ओळींत उरकून टाकितात. आम्हांस मात्र तेथे थोडे थांबावेसे वाटते. मुंबईत वाढलेली, इंग्रजी ग्रंथ वाचणारी तरुण स्त्री या काळ्या मातीच्या मुलखात येते, संसार मांडते, आणि थोड्याच वर्षांत तो संसार मोडतो. १९२१ साली पतिपत्नी कायद्याने विभक्त झाली. आज ही गोष्ट वाचावयास सोपी वाटेल. शंभर वर्षांपूर्वी ती स्त्रीच्या अंगावर वीज कोसळावी अशीच होती. पदरी लहान मुलगी, माथ्यावर लोकांचे बोलणे. अशा वेळी कोणी माहेरचा कोपरा धरिला असता तरी त्यास नावे ठेवण्याचे कारण नव्हते. ताराबाईंनी तसे केले नाही. त्या काठेवाडात राजकोट येथे गेल्या व शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या.

ही जागा मानाची होती आणि पगाराचीही होती. तरीही दोनच वर्षांत त्यांनी ती सोडिली. भावनगर येथे नानाभाई भट्ट यांनी १९१० साली दक्षिणामूर्ती ही संस्था काढिली होती, व १९२० साली तेथे गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर उघडिले होते. हे गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची चिंता करिता करिता मादाम मॉन्टेसरी यांचे ग्रंथ त्यांच्या हाती पडले, आणि वकिली सुटली ती कायमची. ओठांवर भरघोस मिशा आणि अंतःकरण आईचे, म्हणून गुजरातेत त्यांस मिशांवाली आई असेच म्हणत. वकिलाच्या घरातून बाहेर पडलेल्या ताराबाईंस वकिली सोडून बसलेला हा गुरुबंधू भेटावा, हा योग मौजेचाच म्हणावयाचा. १९२३ साली त्या भावनगरास आल्या आणि सुमारे नऊ वर्षे तेथे राहिल्या. गुजराती त्यांनी इतकी आत्मसात केली की, गिजुभाईंच्या जोडीने त्या भाषेत त्यांनी पुष्कळ लेखन केले. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापिला.

आता मॉन्टेसरी पद्धतीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मारिया मॉन्टेसरी या इटलीतील डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहराच्या एका दरिद्री वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडिले. तीन-चार वर्षांचे मूल अक्षरांनी शिकत नाही, ते हाताने, कानाने, नाकाने व जिभेने शिकते, हे त्यांनी पाहिले. मग त्या इंद्रियांस शिस्तीने खेळावयास मिळावे म्हणून त्यांनी साधने बनविली. लहानमोठे दट्टे, एकावर एक रचावयाचे ठोकळे, रंगांच्या पाट्या, खरखरीत व गुळगुळीत फळ्या, वाजणाऱ्या डब्या, वासाच्या कुप्या. साधने उत्तमच, पण ती रंधून, घासून, मापात बसवून तयार व्हावयाची आणि त्यांस पैसा पडावयाचा. ज्यांच्यासाठी ती प्रथम निर्माण झाली, त्या गरिबांच्याच हातास ती लागेनाशी झाली, हा दैवदुर्विलास नव्हे तर काय?

हा पेच ताराबाईंनी सोडविला, हेच आमच्या मते त्यांचे मुख्य कार्य होय. भावनगराहून परत आल्यावर १९३६ साली मुंबईस दादर येथे त्यांनी शिशुविहार काढिले. शिक्षिका तयार केल्या, मराठी शिक्षणपत्रिका चालविली. शहरातील सुशिक्षित घरांतून बालशिक्षणाची गोडी उत्पन्न झाली. एखादी व्यक्ती एवढ्यावर कृतार्थ झाली असती. परंतु शिशुविहाराच्या दारात न येणारी मुले त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी आपले बिऱ्हाड ठाणे जिल्ह्यातील (आता तो भाग पालघर जिल्ह्यात मोडतो) समुद्रकाठच्या बोर्डी गावी हलविले व ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ तेथेच त्यांस येऊन मिळाल्या व जन्मभर त्यांच्या सहकारी राहिल्या.

बोर्डीस मॉन्टेसरीच्या ठोकळ्यांसाठी पैसे नव्हते. पण समुद्र होता. शंख होते, शिंपले होते, लाटांनी घासून गुळगुळीत केलेले गोटे होते. रानात बिया, पाने, फुले, काटक्या, बांबू व माती होती. ताराबाईंनी हेच साहित्य बालवाडीत मांडिले. लहानमोठे गोटे क्रमाने लावता लावता मूल आकार शिके. शिंपल्याच्या आतील व बाहेरील बाजूवरून बोट फिरवून खरखरीत आणि गुळगुळीत यांतील भेद शिके. पानांची रास निवडताना हिरव्या रंगाच्या किती छटा असतात ते शिके. तत्त्व रोमचे आणि सामान बोर्डीचे! मात्र पहिला धडा याहूनही अगोदरचा होता. मुलांस अंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हेच काम बालवाडीतील बाईंस आधी करावे लागे, आणि तेही त्या अध्यापनच समजत.

तरीही सगळी मुले येत ना. कोणाची आई कामावर गेलेली, कोणास धाकटे भावंड सांभाळावयाचे. तेव्हा शाळाच वस्तीत नेण्यात आली व जे अंगण रिकामे असेल तेथे खेळ मांडण्यात आले. तीच अंगणवाडी. पुढे हे कार्य डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे घेऊन रानात जात, म्हणून शिक्षिका त्यांच्या मागोमाग कुरणात जाऊ लागल्या व कुरणशाळा जन्मास आली. मुलास शाळेत न येण्याबद्दल दंड करणारे गुरुजी आमच्या वडिलांनी पुष्कळ पाहिले आहेत. मुलामागे गुरांच्या कळपात जाणारी शाळा मात्र त्यांस पाहावयास मिळाली नाही.

बोर्डीचे शिंपले आमच्याकडे नाहीत. म्हणून पालकांनी निराश होण्याचे कारण नाही. ताराबाईंची दृष्टी घेऊन वऱ्हाडातील एखाद्या साध्या घरात पाहिले, तर काय काय सापडते ते आम्ही सांगतो. शिंप्याकडील चिंध्या मागून आणाव्यात व रेशीम, मांजरपाट, घोंगडी, गोणपाट यांचे दोन-दोन सारखे तुकडे करावेत. मुलाने डोळे मिटून केवळ स्पर्शाने जोड्या लावाव्यात. झाकणाच्या सहा डब्या घेऊन दोहोंत वाळू, दोहोंत तूर व दोहोंत चिंचोके घालून झाकणे पक्की बसवावीत. मूल त्या कानाशी हालवून सारख्या आवाजाच्या जोड्या जुळवील. एकाच मापाच्या दोन पिशव्या शिवून एकीत कापूस व दुसरीत माती भरावी. दिसावयास सारख्या, पण उचलिताच मुलाच्या मुखावर जो विस्मय उमटतो तो पाहण्यासारखा असतो. हळद, हिंग, सुंठ, जिरे यांच्या पुरचुंड्या फडक्यात बांधून नुसत्या वासाने ओळखावयास द्याव्यात. परातीत ज्वारीचे पीठ पसरून त्यात बोटाने रेघा काढाव्यात. खेळ संपला की पीठ गाईच्या पुढ्यात जाते, वाया जात नाही. उन्हाळ्यात गडव्यातून वाटीत पाणी ओतण्याचा खेळ दिला, तर दोन वर्षांचे मूल अर्धा घटका हालत नाही. सांडेल हे खरे. पण न सांडता ओतावयास शिकण्याचा सांडण्यावाचून दुसरा मार्ग आजवर कोणास सापडलेला नाही.

आमच्याकडील काळी माती तर मुलांच्या खेळासाठीच निर्माण झाली आहे की काय, असे वाटावे. ओली असता ती लोण्यासारखी हातास लागते, वाळली की दगडाप्रमाणे कठीण होते व तिला भेगा पडतात. पोळ्याचे बैल आपण तिचेच करितो. वर्षातून एकदाच का करावेत? घरातील अंगण मळेल, कपडे खराब होतील, म्हणून मातीस हात न लावू देणाऱ्या आया आम्ही सुशिक्षित कुटुंबांतच अधिक पाहिल्या आहेत.

येथे सावधगिरीच्या तीन गोष्टी न सांगता पुढे जाणे बरे नव्हे. तीन वर्षांच्या आतील मूल हाती येईल ते तोंडात घालते, नाकात व कानात कोंबते. म्हणून हरभरा, वाटाणा, भुईमुगाचे दाणे, मणी असल्या वस्तू त्यास सुट्या देऊ नयेत. पाण्याने भरलेल्या बादलीजवळ वा घमेल्याजवळ ते एकटे क्षणभरही राहता कामा नये. बुडावयास लहान मुलास वीतभर पाणी पुरते. आणि पेरणीसाठी आणिलेल्या कपाशीच्या बियाण्यास विषारी औषध चोळिलेले असते, तेव्हा सरकीचा खेळ सुचला तरी त्या पिशवीस मुलाचा हात लागू देऊ नये. मोठ्या भावंडांनी या तीन गोष्टी पाठच कराव्यात.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंस पद्मभूषण हा किताब दिला. शेवटपर्यंत त्यांची नाळ कोसबाडच्या कार्याशीच जुळलेली होती. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारने सहा वर्षांखालील बालकांसाठी एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी प्रथम सुरू केली आणि तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव दिले. महाराष्ट्रात त्या पहिल्या वर्षी ज्या ठिकाणांची निवड झाली, त्यांत मुंबईची धारावी होती, आणि मेळघाटातील धारणी होती. धारणी अमरावती जिल्ह्यात आहे.